निळ्या रंगाखालची तांब्याची पट्टी

मित्रांनो, मी तांब्याची एक जुनी पट्टी आहे. लांबीरुंदीला तुमच्या पंजाएवढीच. माल्टा बेटावर गावाबाहेरच्या शेतात शोभेच्या दारूची एक दगडी खोली आहे. तिच्या दाराशी मला एकेचाळीस वर्षांपूर्वी ठोकलं. माझ्या पाठीमागून एक तार निघते आणि विहिरीजवळच्या ओल्या मातीत खोल जाते. गावच्या संताच्या उत्सवासाठी इथे आतषबाजी तयार होते. आत शिरणाऱ्या प्रत्येकाने आधी मला हात लावायचा, हा इथला नियम.

का, ते सांगते. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की एकीवरचे इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण दुसरीवर जातात. एकीकडे ते जास्त होतात, दुसरीकडे कमी पडतात. यालाच विद्युतभार म्हणतात. हवा दमट असली तर हा भार हळूहळू पाझरून जातो. हवा कोरडी असली आणि पायात रबरी बूट असले, तर तो माणसाच्या अंगावरच साठून राहतो. मग धातू जवळ आला की टुणकन उडी मारतो. त्या उडीलाच ठिणगी म्हणतात. तुम्हाला ती चिमटीएवढी वाटेल, पण दारूच्या भुकटीला तेवढी पुरते.

माणसाने मला हात लावला की तो भार माझ्यातून तारेत आणि तारेतून मातीत जातो. कोरड्या दिवशी तेव्हा बारीक ‘चट’ असा आवाज येतो. कारखान्याचे प्रमुख चेन्सूकाका म्हणायचे, “पट्टी बोलली, आता जा आत.” त्या कौतुकाने मी सुखावायची.

गेल्या वर्षी काका गुडघ्याच्या दुखण्याने आठवडाभर घरी होते. तेवढ्यात लोन्झू नावाच्या कारागिराला उत्साह आला. त्याने दार, खिडक्या, बाक, सगळं आमच्या संताच्या निळ्या रंगात रंगवलं. मलाही सोडलं नाही. दोन जाड हात दिले! मी नव्यासारखी चकाकले, पण मुकी झाले. रंगातून भार वाहत नाही, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकांची पुतणी मिकेलिना आली. तिने सवयीने मला हात टेकवला. माझ्याकडे पाहिलंच नाही. दंवाने हवा ओलसर होती, तिच्या अंगात सुती कपडे होते आणि पाय अनवाणी. म्हणून निभावलं. ती आत बसून पितळी चाळणीने भुकटी चाळू लागली.

दहाच्या सुमारास कोरडा वारा सुटला. काका काठी टेकत आले आणि बाहेरच्या बांधावर चहाचा पेला घेऊन बसले. मागून लोन्झू आला, उत्सवाचं नवं नायलॉनचं जाकीट घालून.

“काय रे, नवरदेव! वरात कुठे निघाली?” काका म्हणाले.

“आजच आली जाकिटं, काका. खालच्या गावच्यांची तोंडं कशी पडतात बघा आता!”

“तोंडं मग बघू. आधी ते काढ.”

लोन्झूने जाकीट सर्रकन ओढून काढलं. ते तडतडलं. काढताना घासल्यामुळेच त्याच्या अंगावर भार चढला होता, आणि पायातल्या रबरी बुटांमुळे तो तिथेच साठून राहिला होता. त्याने माझ्यावर हात ठेवला. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, पण रंगाआडून कोणाला ऐकू जाणार? तो आत गेला.

“दे इकडे चाळणी, तुझे हात दुखले असतील,” तो मिकेलिनाला म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

बाहेर काकांचा पेला ओठांपाशीच थांबला. जाकीट बोललं होतं. पट्टी बोलली नव्हती.

“लोन्झू! हात मागे!”

त्याची बोटं चाळणीपासून वीतभर अंतरावर थबकली.

“दोन्ही हात छातीशी घे. कशालाही लागू नकोस. उलट्या पावली बाहेर ये. मिकेलिना, तू हलू नकोस, बाळ.”

एक पाऊल. दुसरं पाऊल. मिकेलिनाने श्वास रोखला होता. तिसरं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं.

“आता तिकडच्या लोखंडी नळाला हात लाव.”

लोन्झूने बोट पुढे केलं. चट! नळाच्या सावलीत ठिणगी सगळ्यांना दिसली.

काका लंगडत माझ्यापाशी आले. “हिला कोणी रंगवलं?”

“मी. संताचा रंग... हिचा मान म्हणून.”

मिकेलिना भुकटीने माखलेल्या हातांनी बाहेर आली होती. “मी पहाटे हिलाच हात लावला,” ती हळूच म्हणाली. “बघितलंसुद्धा नाही.”

त्या दिवशी काम बंद राहिलं. लोन्झूने दगडाने मला खरवडलं. त्याची नखं सोलली, तरी तो थांबला नाही. मग काकांनी माझी तारही विहिरीपर्यंत तपासली.

आता माझ्या अंगावर ओरखडेच ओरखडे आहेत. मी पूर्वीइतकी देखणी नाही. पण रोज सकाळी मिकेलिना आधी माझ्याकडे बघते, मगच हात ठेवते.

मित्रांनो, तुमच्या भोवतीही जीव राखणाऱ्या अशा साध्या वस्तू असतील. त्यांना सजवण्याआधी त्या काय काम करतात ते विचारा, आणि रोज एकदा त्यांच्याकडे डोळे उघडून पाहा. आम्हाला एवढीच माया पुरते.