बुडाली म्हनू नये

तोंड सांभाळून बोलावं, हे आमच्या भोयाच्या आळीत पोरीला पाळन्यातच शिकवत्यात. शिव्या द्या, कुनी इचारत न्हाय. माझ्या शिव्या तर हिप्परग्याच्या तलावाच्या ह्या कडंपासनं त्या कडंला ऐकू जात्यात. पर 'बुडाली' हा शब्द तोंडातनं काडायचा न्हाय. हिरीत कळशी गेली तर 'खाली गेली' म्हनायचं. दिस बुडत न्हाय, दिस मावळतो. आन् उनाळ्यात नाव पान्याखाली ठिवली तर ती 'निजवली' म्हनायचं. मला काय हे ठावं नव्हतं व्हय? पर नको त्या येळंला तोंडातनं गेलं, आन् माझ्या दिरानं, त्या धोंडीरामानं, ते भुईवर पडायच्या आत झेललं.

नाव सासऱ्याची. वाटनी झाली तवा धोंडीराम धाकटा, पुढं हून म्हनला, "मला म्हस द्या." गाभन म्हस हुती. आमच्या वाट्याला आली नाव, तिच्या बुडाच्या दोन फळ्या कुजलेल्या आन् आत उंदरानं घर केलेलं. आनिक आली सासू, बजाबाई, मी तिला आत्याबाई म्हनते. धोंडीची बायको ताना आळीभर सांगत सुटली, "थोरल्याला सरपान मिळालं." आळी हसली. माझा नवरा महिपती बी हसला. त्यो कशालाबी हसायचा, मेला.

पर त्या मानसाच्या हातात गुन हुता. नवं सागवान आमाला कुटलं परवडतंय? मोडक्या छकड्याच्या आंब्याच्या फळ्या त्येनं आनल्या, तासून बसवल्या. खिळं जुनंच, दगडावर ठोकून सरळ केलेलं. सोलापुरात मी मासं इकायला जायची, तवा येताना गिरनीच्या मागनं टाकून दिलेल्या सुताचा चोथा पाटीत भरून आनायची. त्यो चोथा फळ्यांच्या फटीत ठासायचा. डांबर महाग, म्हनून करडईचं तेल चुलीवर कडवून त्यात राळ घालायची आन् ते वरनं चोपडायचं. धुरानं माझं डोळं असं व्हायचं की आठ दिस मला सासू बी चांगली दिसायची. एका जागी फळीच फुटली हुती, तितं घासलेटच्या डब्याचा पत्रा ठोकला. वरसातनं दोनदा हे सगळं करायचं. नाव म्हंजे दुभतं जनावर हाय, महिपती म्हनायचा, न बोलता दूध देतं पर वैरन मागतं.

आन् उनाळ्यात निजवायची. तलाव आटत आला की मासं कडंलाच पायी फिरून जाळ्यात घावत्यात, नावेला काम नसतं. रिकामी नाव उनात ठिवली की फळ्या आकसत्यात, भेगा पडत्यात, वरसाची मेहनत पान्यात. म्हनून छातीभर पान्यात न्यायची, आत दगडं भरायची आन् तळाला बसवायची. पान्यात लाकूड फुगून घट्ट ऱ्हातं. पावसाच्या आधी दगडं काडली की उठती. कुटं निजवली ते कुनाला सांगायचं न्हाय, न्हाय तर चोर फळ्या काडून नेत्यात. नवरा दगडं रचायचा, मी हातात देयाची. ठाव दोघांनाच ठावं.

सोलापुरात मार्शल लॉ लागला त्या उनाळ्यातली गोष्ट. नाव निजवून झाली आन् थोड्याच दिसात महिपतीला पटकी झाली. सकाळी उलटी झाली, दिस मावळायच्या आत डोळं खोल गेलं. औषदाला कुटं जायाचं? शहरात शिपाई उभं. गेला. हसायचं बंद झालं घरातलं.

तिरडी उचलली तवा मला शुद्ध नव्हती. पोटी लेकरू न्हाय, माहेरात कुनी न्हाय, मी भुईवर हात आपटून वरडले, "अरं माझी नाव बुडाली रं! आता मला काठाला कुनी लावावं रं!" दुनियेत कुटलीबी रांडमुंड बाई असंच रडती. कुनब्याची रडती, धनगराची रडती. त्येंच्यात कुनी शब्द पकडत न्हाय. आमच्यात बायकांनी पदर तोंडाला लावला. आत्याबाईनं माझ्या पाठीत रट्टा घातला, "सोजरे, गप!" मला वाटलं, सासू दुक्कानं मारती.

तेरावं झालं आन् धोंडीराम पंचाफुडं उभा ऱ्हायला. आमच्यात जुनी चाल हाय. निजलेली नाव निजवनाऱ्याच्या घराची. बुडालेली नाव काडंल त्येची. वादळानं न्हेलेली, पुरानं उलटलेली नाव धन्यानं सोडून दिली, 'बुडाली' म्हनून पानी सोडलं, की ती कुनीबी काडून घ्यावी. धोंडीराम हात जोडून म्हनतो कसा, "माझं काय म्हननं न्हाय, आन्ना. वैनीच सोताच्या तोंडानं म्हनली, नाव बुडाली. सगळ्या आळीनं ऐकलंय."

मी म्हनलं, "भावजी, लाज वाटू दे. मी नवऱ्याला रडत हुते का लाकडाला?"

"त्ये मला काय ठावं? शब्द नावेचा हुता."

शिवप्पा आन्ना आमचा कारभारी. म्हातारा मानूस, दोन्ही हात गुडघ्यावर ठिवून बसला हुता. त्येला कळत नव्हतं व्हय खरं काय ते? कळत हुतं. पर धोंडीरामाच्या म्हशीचं दूध त्येच्या घरी जात हुतं, आन् माझ्या घरनं काय जानार, शिव्या? लई येळ खाकरून त्यो म्हनला, "सोजर, शब्द गेला त्यो गेला. पर चाल सगळ्यांना सारकीच. तू बी काड की. जो नाव पान्यातनं काडून काठाला लावंल त्येची. एक साक्षीदार पायजे म्हंजे झालं."

मला हसूच आलं, खरं सांगते. ठाव माझ्याबिगर कुनाला ठावं हुता? म्हनलं, धोंड्या, आता चाळ म्हनावं सगळा तलाव. त्येनं चाळला बी. बांबू घिऊन पोरांसंगं ह्या कडंला टोच, त्या कडंला टोच. मी बांधावर बसून बघायची आन् इचारायची, "काय भावजी, म्हस हरवली व्हय?"

मिरगाच्या आदल्या आटवड्यात मी निगाले. साक्षीदार म्हनून आत्याबाईला संगं घेतलं. दुसरं कोन येनार? आळीत कुनाला धोंडीरामाशी वाकडं नको हुतं. आन् आत्याबाई माझ्याच घरात खात हुती, माझ्याच हातचं. थोरल्या लेकाची नाव, आयबिगर खरी साक्ष कुनाची? तिला काठावर बाभळीखाली बसवलं, डोईला पदर घेऊन दिला, पान्याचा तांब्या शेजारी ठिवला. म्हनलं, "आत्याबाई, बघत ऱ्हावा बरं का."

"बघते की," म्हनली.

पानी उतरलं हुतं, माझ्या पोटापातूर. पायानं चाचपत गेले आन् आंगठ्याला नावेची कड लागली. काय सांगू बाई, नवऱ्याचा हात लागल्यावानी झालं. तितंच उभी ऱ्हाऊन रडले. मग पदर खोचला आन् बुड्या मारायला लागले. दगूड काडायचा, कडंला टाकायचा, श्वास घ्यायचा, परत खाली. त्येच्या हाताची रचाई हुती ती, मोठी दगडं मदी, बारकी कडंला, फळीला कुटं टोचू नये अशी. नाकातोंडात पानी गेलं, नखं फुटली. ऊन डोईवर आलं तवा नाव हालली. आदी एक टोक, मग दुसरं, आन् कड पान्याबरोबर आली. दोन्ही हातानं कड धरून नाव डोलवली, निम्मं पानी भाईर सांडलं. ऱ्हायलेलं डब्यानं उपसलं. फळ्या कशा फुगलेल्या, घट्ट! थेंब आत येत नव्हता. मी मागनं छाती लावून ढकलत आनली आन् नावेचं तोंड काठाच्या चिखलात रुतलं. दोरी काठावर फेकली. आंगात जीव उरला नव्हता, मी पान्यातच मटकन बसले.

तवा बाभळीमागनं धोंडीराम आला. कवापासनं बसला हुता कुनास ठाऊक. आला, दोरी उचलली आन् दोन हिसक्यात नाव कोरड्या मातीवर वडली. मी उटून वरडेपातूर त्येनं दोरीचं टोक बाभळीला बांधलं बी. मी धावले, चावले त्येच्या दंडाला. सांगायला लाज न्हाय, रगत निगालं. मानसं गोळा झाली. शिवप्पा आन्नाला बलावलं.

"मी काडली!" मी म्हनलं. "दगडं बघा, माझी नखं बघा."

"काठाला मी लावली," धोंडीराम म्हनला.

आन्ना आत्याबाईकडं वळला. "बजाबाई, तू साक्षीदार. कुनी काडली?"

 मी निवांत हुते बरं का. मला काय बी शंका नव्हती. म्हातारीनं तांब्यातलं पानी प्यालं, पदरानं तोंड पुसलं आन् म्हनली, "मला म्हातारीला लांबचं दिसत न्हाय. मी बघितलं तवा दोरी धोंडीच्या हातात हुती."

खोटं न्हाय बोलली. एक शब्द खोटा न्हाय. त्येच तर पोटात जळतं.

नाव गेली. मी शिव्या दिल्या, आन्नाला दिल्या, धोंडीला दिल्या, तानाच्या सात पिड्या उद्धारल्या. काय उपेग? घर फिरलं की घराचं वासं बी फिरत्यात. घरी आल्यावर मी आत्याबाईला धरलं, "का असं केलंत? तुमच्याच लेकाची नाव हुती की! त्येच्या हाताची रचाई मी आज दगूड-दगूड उचकटली!"

ती चुलीपाशी बसली हुती. माझ्याकडं बघितलं बी न्हाय. म्हनली, "त्यो लेक गेला, सोजरे. मेलेला काय मला मरताना पानी पाजनार हाय? तू सून. आज हाईस, उद्या पाट लावून जाशील. धोंडी माझ्या पोटचा हाय. त्येच्या दारात मला मरायचंय."

"आन् मी कुटं मरू?"

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. त्या रातीबी भाकरी मीच थापली. तिनं खाल्ली. सकाळी गाठोडं काखंत मारून धोंडीच्या घरी गेली. जाताना माझा तांब्या बी घिऊन गेली.

मी मग दुसऱ्याचं मासं पाटीत घिऊन सोलापुरात सात रस्त्याला इकायला बसायला लागले. धोंडीचं बी मासं इकलं मी, माझ्याच नावेनं धरलेलं. ताना पाटीत मोजून टाकायची आन् मरतुकडं खाली दडवायची. पोट हाय, बाई. पोटाला मान नसतो.

पर नाव काय धोंडीरामाला जमायची व्हय? चोथा ठासायचा कंटाळा. तेल कडवायला तानाच्या डोळ्याला धूर सोसंना. पत्रा गंजला तर गंजू दिला. फुडच्या उनाळ्यात निजवायची येळ आली, तवा त्यो म्हनला, "दगडं कोन भरत बसतंय?" आन् नाव काठावर उनात पालथी टाकली. मी रोज सकाळी पाटी घिऊन त्याच वाटनं जायची. एक दिस एक भेग, दुसऱ्या दिसाला बोट जाईल एवढी. एकदा ऱ्हावलं न्हाय, ओली पोती टाकायला गेले, तर ताना वरडली, "आमच्या नावेला हात लावू नकोस, अवदसे!" लावला न्हाय. पाऊस आला तवा नाव चाळनीवानी गळत हुती. दिवाळीपातूर तिच्या फळ्या तानाच्या चुलीत गेल्या. माझ्या नवऱ्यानं ठोकून सरळ केलेलं खिळं राखंतनं पोरं येचत हुती.

नाव न्हाय म्हटल्यावर धोंडीरामानं म्हस इकली आन् गिरनीत लागला. बिऱ्हाड सोलापुरात, चाळीत, एक खोली. बायको न्हेली, पोरं न्हेली, कोंबडी सुदिक न्हेली. ज्या दिशी छकडा भरला, त्या दिशी सांजचं माझ्या दाराशी कोन तरी खोकलं. बघते तर आत्याबाई. गाठोडं काखंत. धोंडीनं आळीच्या तोंडाला उतरवली हुती म्हनं. "चाळीत जागा न्हाय आये, वैनीकडं ऱ्हा."

मी दार लावून घेतलं. बराच येळ लावून ठिवलं. आळी बघत हुती, माझी बी शोभा आन् तिची बी. मग उघडलं. देवाधर्मासाठी न्हाय हो, उगं मला थोर म्हनू नका. म्हातारी दारात मेली असती तर मला तिथनं जायाला-याला वाट ऱ्हायली नसती.

ती हाय अजून. दात न्हाईत, डोळ्याला खरंच दिसंना झालंय आता. रोज भाकरी मिटाच्या पान्यात कुस्करून म्होरं ठिवावी लागती. रोज मी म्हनते, उद्या सोलापूरच्या वाटंला लावून देते.  ती थाळीत बोटं फिरवती, हिकडं चाचपती, तिकडं चाचपती, आन् मग तोंड वर करून इचारती, "सोजरे, आज बी मासा न्हाय व्हय गं?"