वेळ बदललेली नाही

"इथली ओळ कोणी काढून टाकली?" साहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"मी," ताई म्हणाल्या.

रुग्णालयाच्या संगणक विभागात त्यांना सगळे ताईच म्हणत. टायपिस्ट म्हणून लागल्या, संसार सांभाळून प्रोग्रामिंग शिकल्या, आणि डायलिसिसच्या वेळा ठरवायची वेबसाइट त्यांनीच उभी केली. विभागाचे साहेब त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान.

प्रोग्राममधून काढलेली ती ओळ साधी होती. डेटाबेसमध्ये काहीही बिघडो, पेशंटला हिरव्या अक्षरांत 'वेळ बदलली आहे' असंच दाखवायचं. वेळ बदलताना दोन कामं होतात: जुनी वेळ रद्द करायची, नवी नोंदवायची. गेल्या आठवड्यात एका निवृत्त मास्तरांच्या बाबतीत पहिलं काम झालं आणि दुसरं फसलं. मास्तर नव्या दिवशी आले, तर यादीत नावच नाही. जुन्या दिवसाची डायलिसिसची खुर्चीही दुसऱ्या पेशंटला गेलेली. दिवसभर बाकावर बसून ते घरी गेले आणि दुसऱ्या सकाळी धाप लागली म्हणून त्यांना वॉर्डात भरती करावं लागलं. चौकशीच्या खिडकीवर ते एवढंच म्हणाले होते, "माझंच काहीतरी चुकलं असेल. मला मोबाइलमधलं कळत नाही."

ते वाक्य ताईंच्या मनातून जाईना. त्यांनी दोन्ही कामं एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधली. झाली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. आणि फसलं तर लाल अक्षरांत: 'वेळ बदललेली नाही. तुमची जुनी वेळ कायम आहे.'

"काल एका दिवसात एकोणीस चुका दिसल्या," साहेब म्हणाले. "उद्या रुग्णालयाचे विश्वस्त येतायत. आधी एकही नव्हती."

"आधीही होत्या. आपण गिळत होतो."

"ताई, लाल बघून लोक घाबरतात."

"घाबरू देत. घाबरून फोन तरी करतील."

"ओळ परत घाला."

"नाही घालणार. तुम्हाला हवीच असेल तर लेखी द्या, खाली सही करा. मास्तरांचं काय झालं तेही त्यातच लिहा."

साहेबांनी पेन उचललं, बोटांत फिरवलं, खाली ठेवलं. "उद्यापासून तुम्ही जुन्या फायलींच्या खोलीत बसा."

"बसते की. पण ओळ घालायला ज्याला सांगाल, तोही सहीच मागेल. मी सगळ्यांना सांगून ठेवते."

विश्वस्त आले, चहा घेऊन गेले. सही कोणी केली नाही आणि ओळही कोणी घातली नाही.

त्या दुपारी ताई फायलींची धूळ झटकून वॉर्डात गेल्या. मास्तर उशीला टेकून बसले होते.

"चूक तुमची नव्हती," त्या म्हणाल्या. "ती ओळ मी लिहिली होती. आधीच्या साहेबांनी सांगितलं आणि मी लिहिली. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं."

मास्तरांनी सुजलेले पाय हळूहळू एका बाजूला घेतले आणि पलंगाच्या कडेला ताईंना बसायला जागा केली.