चौकटीआडची तारीख

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या गोदीत वेल्डरांच्या रांगेत दिविना एकटीच बाई होती. काखेत वेल्डिंगचं प्रमाणपत्र, तेही काचेच्या सोनेरी चौकटीसकट. आईने ते चौकटीतून कधी बाहेर काढूच दिलं नव्हतं. पाच वर्षं ते बाळ येशूच्या शेजारी टांगलेलं होतं, आणि पाहुणा आला की आई आधी येशू दाखवेल की प्रमाणपत्र, याचा नेम नसायचा.

तरुणांना कामाला लावायची सरकारी योजना आली तेव्हा दिविना एकवीस वर्षांची होती. डोळे सुजवून वेल्डिंग शिकली, परीक्षेत पहिली आली. पुढे जिथे जाईल तिथे एकच प्रश्न, अनुभव आहे का? कामाशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय काम नाही, हे योजना आखणाऱ्या शहाण्यांना कुणी सांगावं? मग तिने पाव विकले, मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घातल्या. सहा महिने भरले की कायम करावं लागतं, म्हणून पाचव्यातच नारळ. रविवारी शेजारच्या लोखंडी गेटं बनवणाऱ्याकडे फुकट वेल्डिंग करायची, हात विसरू नये म्हणून. पार थकली होती ती.

आज मात्र गोदीला माणसं हवी होती. चाचणीसाठी तिने जोडलेल्या पत्र्यांचा सांधा म्हाताऱ्या मुकादमाने अंगठ्याने चाचपला.

"इंडाय, पोरी, कुठं शिकलीस गं हे? माझ्या दांडगोबांना वीस वर्षांत इतकं सरळ जमलं नाही!"

दिविनाला कितीतरी दिवसांनी हसू आलं.

कचेरीतल्या बाईंनी चौकटीचे खिळे उचकटून कागद बाहेर काढला. सोनेरी पट्टीखाली झाकलेली शेवटची ओळ उघडी पडली.

"मुदत पाच वर्षांचीच होती. संपून अकरा दिवस झाले."

"अहो, हात तोच आहे ना?" मुकादम म्हणाला.

"हातासाठी माझ्याकडे रकाना नाही, काका." बाईही दमलेल्याच दिसत होत्या. त्या दिविनाकडे वळल्या. "वेल्डर म्हणून नोकरी केल्याचा दाखला आण, नवं करून देतील. नाहीतर परत परीक्षा, तिला तीन महिन्यांची रांग. आमची भरती शुक्रवारी बंद."

"दाखला असता तर..." म्हणत दिविनाने कागद उचलला.

तिथून ती थेट प्रशिक्षण केंद्रात गेली. जुने मास्तर अजून तिथेच होते.

"नवी योजना आलीय बघ. शिकवणी संपली की लगेच परीक्षा, रांग नाही. पण फक्त नवशिक्यांसाठी," म्हणत त्यांनी अर्ज पुढे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

'वेल्डिंगचं पूर्वीचं ज्ञान' या रकान्यापाशी तिचं पेन अडलं. मग तिने लिहिलं, 'काही नाही.' लिहिताना तिला रडू फुटलं.

घरी आई रिकाम्या खिळ्याखाली वाट बघत उभी होती.

"काय झालं गं? घेतलं का?"

"परत शाळेत घेतलं, आई," दिविना म्हणाली. "या वेळी चौकट जरा मोठी आण. तारीख दिसू दे."