कुणाचाच नसलेला चेहरा

सुन्नुवाला गाव वेडी म्हणायचं ते काही आजकालचं नाही. लहानपणी बाकीच्या पोरी मेंढीच्या हाडांचा खेळ मांडायच्या. हे हाड गाय, ते हाड बैल. हिचं तेवढ्यावर भागेना. ही चाकू घेऊन हाडाला खरंच गाईचं तोंड काढायची. आईने चाकू काढून घेतला, तर खिळ्याने कोरायला लागली. उत्तरेच्या थंड समुद्रातल्या त्यांच्या बेटावर झाड म्हणून नाही, तेव्हा समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या लाकडाचे तिने पक्षी केले, सील केले, म्हाताऱ्या केल्या. लग्न झालं, मेंढ्या राखल्या, गाडाभर स्वेटर विणले, नवरा गेला, पण हात थांबले नाहीत. पुढे डेन्मार्कहून माती मागवून ती माणसं घडवायला लागली. शेजारीण म्हणाली, बाई, मातीची माणसं काय जेवू घालणार आहेत तुला? सुन्नुवाने तिचीच मूर्ती केली, तोंड उघडं ठेवून.

मग एक दिवस मासेमारीची होडी बुडाली. सहा जण होते, आणि गावाच्या डोळ्यांदेखत, बंदराच्या तोंडाशीच गेले. एकाचंही प्रेत मिळालं नाही. त्यांत सुन्नुवाचा एकुलता एक मुलगा ट्रोंडूर होता. सुकाणू होतं त्याच्या लहानपणच्या दोस्ताच्या, गावातल्या एल्स्पाच्या मुलाच्या, मिक्यालच्या हातात. आभाळ फाटायला आलेलं असताना होडी काढायचा हट्टही त्याचाच. एल्स्पाला तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेनासं झालं. सुन्नुवाने तर तिच्याशी बोलणंच टाकलं, अकरा वर्षं.

सुन्नुवाचं दुखणं आणखी वेगळं होतं. तिला पोराचा चेहरा आठवेना. आवाज आठवे, ओल्या स्वेटरचा वास आठवे, चेहरा काही केल्या नाही. घरात एकच फोटो होता, चर्चमधल्या दीक्षेच्या दिवसाचा, मिसरूडही न फुटलेला. दाढी राखून पोरींच्या मागे हिंडणारा ट्रोंडूर कुठल्याच फोटोत नव्हता. अख्ख्या गावाची तोंडं या हातांनी काढली आणि पोटच्या पोराचंच येईना, म्हणजे काय म्हणावं या नशिबाला!

अकरा वर्षं होत आली तेव्हा गावचा पुढारी हानुस तिच्याकडे आला तो एक काम घेऊन. बंदरावर बुडालेल्यांची आठवण म्हणून एका कोळ्याचा ब्राँझचा पुतळा उभा करायचा, माणसाएवढा. अट एकच, सहाही घरांनी मिळून ठरवलेली. चेहरा कुणाचाच नको. एकाचा केला तर पाच घरं आयुष्यभर जळत राहणार. सुन्नुवाने शब्द दिला.

हिवाळाभर ती होड्या ठेवायच्या छपरीत मातीत राबली. बूट झाले, मेणकापडाचा कोट झाला, दोर धरलेले हात झाले. चेहरा तिने शेवटी घेतला आणि जपून केला. नाक कुणासारखं नको, हनुवटी कुणासारखी नको. एका दुपारी, घरी जाऊन मासे उकडावेत की वाळलेलं मटण कापावं असा विचार डोक्यात चाललेला, बोटं आपली ओठाच्या कडेवरून फिरत होती. ती मागे सरली आणि पाहते तर समोर ट्रोंडूर. एक भुवई जराशी वर, आई जेवायला काय आहे, असं विचारायला आलेला. ती उलट्या बादलीवर बसली आणि ढसाढसा रडली.

मग तिने चेहऱ्यावर ओलं पोतं टाकलं. कुणी नसलं की उचलून बघायची. पुढच्या बोटीने प्लास्टरचा साचा घेणारा माणूस येणार होता. एकदा ब्राँझ ओतलं की गाव काय करील? चार शिव्या देईल. खायची तयारी होती तिची.

साच्याआधी सगळी घरं बघायला आली. तिने पोतं काढलं, मंडळींनी भोवती फिरून पाहिलं, कुणी ओळखलं नाही. एवढ्या वर्षांनी दुसऱ्याच्या पोराचा चेहरा कोण लक्षात ठेवतो? हानुस म्हणाला, छान झालंय. माणसं पांगली. दाराशी एल्स्पा तेवढी उरली.

"ट्रोंडूर आहे," ती म्हणाली.

सुन्नुवाने मान वर केली नाही. "जा, सांग गावाला."

"मी कशाला सांगू? माझ्या टेबलावर जेवून वाढलाय गं तो. राहू दे त्याला." एल्स्पाने शालीचं टोक तोंडाला लावलं. "त्या सहांत गावाला नको असलेला चेहरा एकच. चुकून तो तर आला नाही ना, एवढंच बघायला आले होते. लोक थुंकले असते त्याच्यावर."

एल्स्पाला अशी मोडलेली बघायची सुन्नुवाला अकरा वर्षं इच्छा होती. आता पाहिली आणि तिला कसलंच सुख झालं नाही. ट्रोंडूर तिथे उभा राहिला तर मिक्यालला जागा उरत नव्हती. कुणाचाच नसलेला चेहरा असता तर त्यात तोही बसला असता.

"तोही त्याच पाण्यात गेला," ती म्हणाली आणि अंगठा मातीवर टेकवला.

"नको गं," एल्स्पाने तिचं मनगट धरलं. सुन्नुवाने सोडवून घेतलं आणि भुवई पुसली, मग ओठ. फार वेळ लागला नाही. मनात एक होतंच, हात एकदा शिकले की विसरत नाहीत, जन्मभराचा अनुभव आहे. घरी जाऊन पुन्हा करू.

कोळी आता बंदरावर उभा आहे. सहाही घरची माणसं फुलं ठेवतात, एल्स्पासुद्धा.

सुन्नुवा घरी माती घेऊन बसते. दर वेळी बंदरावरचाच चेहरा येतो, कुणाचाच नसलेला. एल्स्पा हल्ली कॉफीला येते, शेजारी बसते आणि सांगत राहते. ओठ जरा जाड कर, भुवई वर घे. गालावर खळी होती, हसला की दिसायची. ट्रोंडूर जसा होता तसा आठवणारी आता ती एकटीच. हात ऐकतात, पण येत काही नाही.

परवा एल्स्पा मातीच्या चेहऱ्याकडे वाकून बघायला लागली. मग तिने हळूच विचारलं, "वर असायची ती भुवई डावी होती का गं, उजवी?"

सुन्नुवाने अंगठा आधी डाव्या भुवईवर ठेवला, मग उजवीवर, मग पुन्हा डावीवर.