वाख्शचं लिंबघर

"अका, जरा आत जाऊन बघा ना, पंखा फिरतोय का?"

"फिरतोय रे बाबा! कानाशी घूं घूं चाललंय. तू तिथे बसून आमची झोप उडवतोस," थोरला भाऊ सैदमुरोद फोनवर हसला.

खुशवक्तही हसला. दूर परदेशी, पेर्म शहरातल्या गोदामात खोकी उचलता उचलता त्याचे केस पिकले, पण जीव अडकला होता गावाकडे, वाख्श नदीच्या खोऱ्यात, वडिलांनी लावलेल्या लिंबांत. जमिनीत खोल खणून वर काच घातलेलं लिंबघर होतं ते. थंडीत आतली ऊब गेली की झाडं गेलीच. म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्याने तिथे एक छोटा लिनक्स संगणक बसवला. त्याला ना पडदा, ना कळफलक. पत्र्याच्या डब्यात नुसता तो, बाहेर लोंबणारा तापमापक आणि शेगडीला वारा घालणारा पंखा. पेर्महून खुशवक्त मोबाइलवरून त्यात शिरायचा, ऊब किती ते बघायचा, कमी वाटली तर आज्ञा लिहून पंखा सुरू करायचा.

"बायकोपेक्षा लिंबांशीच जास्त बोलतोस," त्याच्याच खोलीत राहणारा रजब चिडवायचा.

"लिंबं उलटून बोलत नाहीत!"

अजून थोडी वर्षं काढायची, मग परत जाऊन बाग वाढवायची, असं त्याचं आणि त्याच्या बायकोचं, मोहिराचं, ठरलेलं होतं.

त्या जानेवारीत खोऱ्यात कडाक्याची थंडी पडली. लोकांच्या बागा करपल्याच्या बातम्या येऊ लागल्या. खुशवक्तच्या लिंबघरात मात्र ऊब कायम. आधी त्याची छाती फुगली. मग मनात पाल चुकचुकली. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याने मुद्दाम पंखा बंद केला आणि चहाचा पेला घेऊन आकड्यांकडे बघत बसला. आकडा उतरायला हवा होता. तो चढला. दुपारी जरा उतरला आणि संध्याकाळी, घरोघरी शुर्व्याचा रस्सा शिजायच्या वेळेला, पुन्हा चढला.

त्याने मोहिराला फोन लावला.

"डबा कुठे आहे?"

"कुठला डबा?"

"मोहिरा."

"स्वयंपाकघरात. चुलीच्या मागे."

"आणि झाडं?"

"अहो, अकांनी त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरवलं. सुनेला वेगळं घर हवं, जागा तेवढीच होती. शरदातच तोडली सगळी."

"डबा चुलीमागे कुणी नेला?"

"मी नेला." तिचा आवाज चिरकला. "अका म्हणाले, त्याला कळलं तर काम टाकून धावत येईल. आणि तुम्ही रोज त्या आकड्याचं इतकं कौतुक करायचात... माझ्या तोंडून निघेना हो."

"म्हणजे सगळा हिवाळा मी तुझी चूल राखत होतो."

ती रडू लागली. त्याने फोन ठेवला. भावाने जमीन बळकावली, हे त्याने एकवेळ गिळलं असतं. पण रोज तो विचारायचा, "आज आत ऊब आहे ना?" आणि मोहिरा म्हणायची, "आहे ना, छान आहे." तो लाडिक 'छान' त्याला गिळता येईना.

असा संगणक दुरून बंद करता येतो, पण मग चालू करायला तिथल्याच माणसाला बटण दाबावं लागतं. खुशवक्तने बंद करायची आज्ञा लिहिली, जरा थांबला आणि धाडली. जोडणी तुटली.

दुसऱ्या दिवशी गोदामाच्या दाराशी असताना सैदमुरोदचा फोन आला. मोहिराने त्याच्या कानावर काही घातलं नव्हतं.

"खुश्या, डब्यातला दिवा विझलाय. बटण दाबू का?"

"झाडं कशी आहेत, अका?"

"झकास! फुलावर आलीत."

"मग वास सुटला असेल."

"घरभर!"

मागे कुणीतरी लाकडावर हातोडा मारत होतं.

"वासे नीट बसवून घ्या, अका," खुशवक्त म्हणाला. "छप्पर गळलं तर नवी सून काय म्हणेल?"

पलीकडचं ठोकणं थांबलं. बहुधा सैदमुरोदनेच हात वर करून थांबवलं असावं. त्याने फोन ठेवला नाही. खुशवक्तनेही ठेवला नाही.

आतून मुकादमाने हाक मारली. खुशवक्तने फोन तसाच चालू कोटाच्या खिशात टाकला, हातमोजे चढवले आणि पहिलं खोकं उचललं.