पाचवा गिअर माझ्यात नव्हता

मित्रांनो, गाडीतून काढून कोपऱ्यात ठेवलेला चार गिअरचा एक जुना गिअरबॉक्स, तो मी. मला ओळखणारे कमीच. गाडीत होतो तेव्हाही लोकांना माझा फक्त दांडा ठाऊक होता.

कारखान्यात माझी दातेरी चाकं एकेक करून बसवली आणि मला एका निळ्या व्हॅनच्या पोटात घट्ट आवळलं. ती व्हॅन एका कारागिरानं घेतली. तो कृत्रिम पाय बनवायचा. ज्यांना त्याच्यापर्यंत येणं जमत नसे, त्यांच्या दारी तो स्वतः जायचा. मागे साचे, चामड्याचे पट्टे आणि माप घ्यायला एक बाक असायचं. तीस वर्षं मी त्याला डोंगरापलीकडे नेलं. त्याचा हात हलका होता. घाट उतरला की म्हणायचा, "आजही गडी कुरकुरला नाही." एवढ्या कौतुकावर माझे महिने निघायचे.

पुढे त्याचे गुडघे थकले. गाडी त्याची मुलगी चालवू लागली आणि तो सोबतीला शेजारी बसू लागला. मुलगी कामात बापाच्या तोडीची, पण सदा घाईत. माझ्या तेलाची चौकशी करायला तिला सवड नव्हती. तेल आटलं, दात झिजले. नव्या रुंद रस्त्यावर चौथ्या गिअरमध्येही इंजिन किंचाळायचं, मागून ट्रक हॉर्न वाजवायचे. मग माझा तिसरा गिअर आपोआप सुटायला लागला. एका चढावर तो सुटला, गाडी मागे घसरली आणि भिंतीला धडकली. मागे बाकावर कारागिराकडून पाय करून घेतलेल्या एक आजी बसल्या होत्या, त्यांचं कोपर सोलवटलं. "काही नाही गं, खरचटलंय," त्या म्हणाल्या. पण मुलगी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिली. मला तेव्हा जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

फिटरनं मला बाकड्यावर उघडलं. "याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. पाच गिअरचा बसवू."

"कुठला?" मुलीनं विचारलं.

"एक पिकअपचा आहे. दणकट आणि लगेच मिळेल. पण लांबरुंद आहे, गाडीची खालची आडवी पट्टी कापावी लागेल. दांडाही सीटखाली येईल."

"मग तोच घ्या. माणसं खोळंबलीत माझी."

कारागीर स्टुलावर बसला होता. तो हळूच म्हणाला, "अगं, आपण पाय माणसाच्या मापाचा करतो. पाय बसावा म्हणून माणसाला कापतो का?"

मुलगी फिटरकडे वळली. "दुसरा कुठला आहे?"

"दुसरा गिअरबॉक्स जागेवर बसतो, पण त्याचा पहिला गिअर वेगाचा आहे, जोराचा नाही. भरली गाडी चढावर दम टाकेल. तिसरा गिअरबॉक्स बरोबर आहे. त्याचा पहिला गिअर याच्यासारखाच जोरकस, पाचवा इंजिनाला पेलेल असा. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा चार बोटं तोकडा केला की झालं. पण यायला दोन महिने लागतील."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. झिजलेल्या दातांवरून तिनं बोट फिरवलं. "त्या आजींना मी पुन्हा भिंतीवर नाही आपटणार," ती म्हणाली. "थांबू. तोवर बसनं जाईन."

आणि खरंच, दोन महिने ती साच्यांची पिशवी खांद्याला लावून हिंडली. मी मात्र सुटा होऊन बाकड्यावर पडलो. नवा आला तेव्हा फिटरनं माझे तुकडे परत जुळवले, वर फडकं टाकलं आणि मला भिंतीशी सरकवलं. तो मला भंगारात देणार होता, पण कारागीर म्हणाला, "राहू द्या."

आता तो अधूनमधून फिटरच्या गॅरेजात येऊन माझ्याजवळ बसतो. परवा फिटरला म्हणाला, "पूर्वी लांबच्या गावी मुक्काम पडायचा, म्हणून तिला सोबत लागायची. आता गाडी पळते, ती जेवायच्या वेळेला घरी असते. बरं झालं." बोलताना त्याचा तळहात माझ्या पाठीवर होता. 'बरं झालं' तो दोनदा म्हणाला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जो राबतो त्याच्या कुरकुरण्याची वाट पाहू नका, आधीच विचारपूस करा. आणि ज्याचं राबणं संपलं त्याच्याकडेही कधीतरी जाऊन बसा. तुमच्या घरात असं कुणी असेल.

आजही कारागीर माझ्याजवळ बसला होता, तेवढ्यात मुलगी आत आली. "बाबा, इथे होय! अहो, आज त्या आजींचा पट्टा बसवायचाय. तुमच्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत त्या. चला ना."

कारागीर इतक्या झटकन उठला की गुडघे विसरला. माझ्यावरचं फडकं नीट करायचंही राहून गेलं. मला त्याचा राग नाही आला.

बाहेर व्हॅन सुरू झाली. तिनं पहिला टाकला, दुसरा, तिसरा. चौथ्यापर्यंत मी मनानं त्यांच्याबरोबर होतो. मग तिनं पाचवा टाकला.