कोरडी शीशी

डॉ. सान्याल यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला, काचपट्टी जराशी सरकवली आणि पुन्हा डोळा लावला. दाराशी उभी असलेली कालिंदी त्यांच्या बोटांकडे पाहत होती. शीशीला थंडी लागू नये म्हणून तिने ती वाटभर ओच्यात, पोटाशी धरून आणली होती. ओचा अजून तिच्या मुठीतच होता.

तिचा नवरा वेणीमाधव टेबलासमोर बसला होता. थोरले दीर ढुंढिराज मात्र छत्रीवर भार टाकून उभे होते. दवाखान्यातल्या खुर्चीवर कोण कोण बसून गेलं असेल, याचा नेम नव्हता.

"शास्त्रीजी, कुर्सी काटती नहीं," डॉक्टर वर न पाहता म्हणाले.

"खड़े-खड़े भी सुनाई देता है," ढुंढिराज म्हणाले.

ते ऐकायलाच आले होते. लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली तरी कालिंदीची कूस उजवली नव्हती. काशीतल्या मंगळागौरीच्या देवळाजवळचे यज्ञेश्वरशास्त्री आपली मुलगी बकुळ सवतीवर द्यायला तयार होते आणि आज त्यांना होकार कळवायचा होता. आधी माझी तपासणी होऊ दे, एवढंच वेणीमाधव म्हणाला होता. वीर्यात थोडे जरी जिवंत कण दिसले तरी काचेच्या पिचकारीने ते कालिंदीच्या गर्भाशयात सोडून पाहू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ढुंढिराजांना पिचकारीशी कर्तव्य नव्हतं. जिवंत दिसले की दोष कालिंदीचा आणि बकुळ घरात, असा त्यांचा हिशेब होता.

"हैं तो बहुत," डॉक्टर म्हणाले, "मगर ज़िंदा एक भी नहीं."

छत्रीचं टोक फरशीवर घसरलं.

"असं कसं होईल? आमच्या घराण्यात..."

डॉक्टरांनी हात वर केला. ते स्वतःही विचारात पडले होते. इतके असावेत आणि सगळेच मेलेले, असं क्वचित होतं. ते वेणीमाधवाकडे वळले.

"पंडितजी, शीशी सूखी थी न? कहा था आपसे. ज़रा-सा पानी भी इनको मार देता है. पानी रहा हो तो जाँच फिर से होगी."

"झाली तर होऊ दे," ढुंढिराज वेणीमाधवाला म्हणाले. "पण नुसत्या शंकेवर मी यज्ञेश्वरशास्त्र्यांना ताटकळत ठेवणार नाही. होकार आजच जाईल."

शीशी कोरडी हवी, हे वेणीमाधवाने कालिंदीला सांगितलंच नव्हतं, लाजला असेल. काल त्याने ती आणून उंबऱ्याबाहेर ठेवली आणि तिने गंगाजलाने विसळून आत घेतली. दवाखान्यातली वस्तू तशीच घरात घ्यायची नाही, ही सासूबाईंची शिस्त. विसळताना तिचा हात जरासुद्धा अडखळला नव्हता.

सांगितलं तर बकुळ येणार होती. नाही सांगितलं तर तिच्या हातून झालेलं नवऱ्याच्या माथी बसणार होतं.

ती एक पाऊल पुढे आली. "डॉक्टरसाहेब..."

"सूखी थी," वेणीमाधव मागे न वळता म्हणाला.

"पक्का?"

"मैंने ख़ुद देखी थी."

डॉक्टरांनी काचपट्टी काढून ठेवली. "तो दूसरी शादी से भी कुछ नहीं होगा. कमी आपमें है."

बाहेर गल्लीत आल्यावर ढुंढिराज थांबले.

"वेणू, यज्ञेश्वरशास्त्र्यांना खरं सांगावं लागेल. त्यांच्या मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे. आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही. उद्यापासून गर्भाधानाला, पुंसवनाला तुला पुरोहित म्हणून कोण बोलावील?"

"श्राद्धं काय कमी आहेत काशीत, दादा?"

ढुंढिराजांना हसू आलं नाही. छत्री आपटत ते मंगळागौरीच्या गल्लीत वळले.

दोघं ब्रह्माघाटाकडे चालू लागली. बराच वेळ कालिंदी दोन पावलं मागेच राहिली.

"अहो, शीशी मी गंगाजलानं विसळली होती."

"तळाशी पाणी होतं. पाहिलं मी."

"सकाळी? वापरायच्या आधीच?"

"हो."

"मग पुसलीत का नाही?"

तो चालत राहिला. समोरून एक गाय आली, तेव्हा दोघं भिंतीला टेकून उभी राहिली.

"आणि ती पिचकारी?" तिने हळूच विचारलं.

"जाऊ ना परत. बकुळचं लग्न दुसरीकडे लागू दे आधी."

"त्याला वर्षसुद्धा लागेल. तोवर लोक तुम्हाला..."

घाटाकडून येणारा एक जुना यजमान वेणीमाधवाला पाहून थबकला आणि नेहमीसारखा वाकून नमस्कार करू लागला. एरवी वेणीमाधव चालता चालताच आशीर्वाद देई. आज तो थांबला आणि यजमान पुरता सरळ उभा राहीपर्यंत हात वर धरून राहिला.